मदत हवी आहे: रक्त हिरड्यांतून येतंय आणि डॉक्टर वजन विचारतायत!

वय 43, उंची 165 सेंमी, वजन 86 किलो. पाच-सहा महिने झाले, ब्रश केला की थुंकी लाल. पेरू चावला तर फोडीवर रक्ताचा ठसा उमटतो. दुखत काहीच नाही, म्हणून अंगावर काढलं.

परवा शेवटी दाखवलं. डॉक्टरबाई बारीक सळई हिरडीत घालून आकडे सांगत होत्या, असिस्टंट लिहून घेत होती. तीन, तीन, दोन... उजव्या दाढांपाशी पाच, सहा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक म्हणे, पुढे 'पॉकेट', म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेली खोल फट. मग एकदम, "वजन किती? कमरेचा घेर? शुगर कधी तपासली?" मला रागच आला. आ वासून बसलेल्या बाईला वजन काय विचारता! तरी तपासणी केली. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 6.1 आलं, म्हणजे मधुमेहाच्या काठावर.

वजनाचा खरंच संबंध असतो का? आधी वजन उतरवू आणि मग स्केलिंग (दातांवरचं कीटण खरवडून काढणं), असं चालेल? सासूबाई म्हणतात, स्केलिंगने दात हलायला लागतात.

प्रतिसाद
मी दातांचीच डॉक्टर. अजिबात थांबू नका. पोटावरची चरबी नुसती पडून नसते, दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत असते. हिरडीतल्या जंतूंशी शरीर झगडतं, ते त्यामुळे जास्तच भडकतं आणि त्यात दाताभोवतीचं हाड झिजतं. जपानी संशोधकांनी हा संबंध 1998 मध्येच मांडला होता. पण सगळं खापर वजनावर फोडू नका. मूळ दुखणं दातांवर साचलेल्या कीटणाचं, वजन त्याला हातभार लावतं. तंबाखू-मिश्रीवाल्या सडपातळ बायकांच्या हिरड्या तुमच्याहून वाईट पाहिल्यात. शुगरचं मात्र दुतर्फा आहे: ती वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की ती आटोक्यात येत नाही. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 31 च्या वर आहे, आपल्याकडे 25 पासूनच लठ्ठपणा धरतात. तेव्हा फिजिशियनलाही दाखवा.

सासूबाईंचं म्हणाल तर, दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने लिंपून धरलेले. ते निघालं की हलणं जाणवतं, एवढंच.

धागाकर्ती
धन्यवाद! शनिवारची वेळ घेतली. घरी 'नुसतं दाखवायला जातेय' असं सांगितलंय. एक राहिलंच, रक्त येतं म्हणून त्या बाजूने ब्रश करणं मी सोडलंय, ते बरोबर का?

प्रतिसाद
अहो, तिथेच तर जास्त करायचा! मऊ ब्रश घ्या, हलक्या हाताने करा, आणि रक्त दिसलं तरी थांबू नका.