मदत हवी आहे: तेलुगूत गोष्ट सांगणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी दुपारी सोलापुरातल्या विडी घरकुल वसाहतीत विडी कामगार बायकांसमोर गांधीवादी कार्यकर्त्या निर्मलाताई देशपांडेंबद्दल बोलायचंय. नागपुरात जन्मलेल्या, विनोबांसोबत भूदान पदयात्रेत चाललेल्या. कारगिलनंतर वर्षाच्या आत, २००० साली, बायकांची बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. (मग पाकिस्तानातल्या मानवी हक्कांच्या वकील अस्मा जहांगीर तिकडच्या बायकांना घेऊन दिल्लीला आल्या, हेही सांगायचंय.)

मागच्या खेपेला मी फारच पुस्तकी बोलले. मांडीवर सूप, हातात तेंदूपान, मान वर न करता एक आज्जी म्हणाल्या, "बाई, गोष्ट सांग की!"

बऱ्याच जणी घरी तेलुगूच बोलतात. तासभर येऊन हे तेलुगूत रंगवून सांगणारं कुणी आहे का? मानधन नाही, कडक भाकरी, शेंगाचटणी नक्की.