चेन बदलताना पूर्ण सेटच घ्यावा का?

सायनकर (मूळ धागा)
माझी १५० सीसीची गाडी रोज सायन ते पवई धावते. गेल्या वर्षी गॅरेजवाल्याने चेन ज्यांवर फिरते त्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही दातेरी चक्र्या (स्प्रॉकेट) 'अजून चालतील' म्हणून तशाच ठेवून फक्त चेन बदलली आणि झिजून आकड्यासारख्या वळलेल्या दातांनी नवी चेन चार महिन्यांत खाल्ली. त्यामुळे चेन आणि दोन्ही चक्र्या एकदमच बदलाव्यात, आणि पावसाळी मुंबईत ओ-रिंगचीच चेन घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे. तिच्यात कड्या जोडणारी पिन आणि तिच्याभोवतीची नळी म्हणजे बुश यांच्यामधले ग्रीस रबरी कड्यांनी कोंडलेले असल्याने पाणी आणि चिखल आत शिरत नाहीत.

परळवाला
तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला नियम मला पटत नाही. पुढच्या चक्रीला १४ आणि मागच्या चक्रीला ४२ दात असतील, तर मागची एकदा फिरेपर्यंत पुढची तीनदा फिरते, म्हणजे पुढच्या प्रत्येक दातावर तिप्पट वेळा भार येतो. साहजिकच आधी ती झिजते. ती वेळीच एकटी बदलली, तर बाकीचा खर्च पुढे ढकलता येतो. मागच्या चक्रीच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडला, तरच पूर्ण सेट घ्यावा.

ओ-रिंगबद्दल म्हणाल, तर ज्या गाडीला बंद चेन-कव्हर आहे, तिला वेळच्या वेळी ९० नंबरचे गिअर ऑईल घातले की साधी चेन पुरते.

मुलुंडची स्वार
बंद कव्हरच्या गाडीपुरते मी परळवाल्यांशी सहमत आहे, मात्र उघड्या चेनवर तेल आणि रस्त्यावरची धूळ मिळून जी पेस्ट तयार होते, ती पॉलिश पेपरसारखेच काम करते. जाता जाता एक गोष्ट सांगते, कारण दुकानात तसा आग्रह होतोच: 'पिकअप' वाढावा म्हणून पुढे १३ दातांची चक्री बसवू नये. ४२ ला १४ ने भागल्यास ३ येतात आणि १३ ने भागल्यास ३.२३, म्हणजे पूर्व द्रुतगती मार्गावर त्याच वेगाला इंजिन जवळपास आठ टक्के जास्त फिरणार, शिवाय लहान चक्रीवर चेन अधिक तीव्र वळते आणि लवकर झिजते.

परळवाला
१३ दातांची शिफारस मी केलेली नाही. सिग्नलमागून सिग्नल गाठणाऱ्या माणसाला मात्र ती सोयीची वाटते, हे मान्य करायला हवे.

सायनकर
झिजून चेन किती लांबली, ते आज मोजले. ४२८ नंबरच्या चेनचा एक पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधले अंतर, १२.७ मिमी असतो, म्हणजे २० पिचांना २५४ मिमी भरायला हवेत. माझ्या चेनचे २५७ भरले. वाढ एक टक्क्याहून जास्त असल्याने निदान या खेपेला तरी पूर्ण सेटच घेणार. पुढच्या वेळी मात्र पुढची चक्री आधी तपासून पाहीन, इतके परळवाल्यांचे ऐकतो. ओ-रिंगच्या चेनच्या पिना लांब असल्याने ती साध्या चेनपेक्षा रुंद असते, तेव्हा ती इंजिनच्या केसिंगला घासणार नाही याची खात्री करूनच पैसे देईन.