एमआरआय नॉर्मल आलाय तरी डॉक्टर म्हणतात ल्युपस मेंदूत असू शकतो??

निळीशाई:
बहिणीला ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) होऊन सहा वर्षं झाली. गेले दोन महिने बोलता बोलता शब्दच सापडत नाही तिला, गॅस चालू ठेवून विसरते, डोकं दुखणं तर रोजचंच. मेंदूचा एमआरआय केला, सगळं नॉर्मल. हुश्श म्हटलं तर डॉक्टर म्हणतात ल्युपसमुळे असू शकतं, अजून टेस्ट करू. अहो मग एमआरआय केला कशाला?

रात्रपाळी:
मी एमआरआय मशीनवर काम करतो, डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. ल्युपसमध्ये कधी रक्ताची गुठळी होते, अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्त गोठण्याचा धोका वाढवणारी, रक्ताच्या टेस्टमध्ये सापडते) असलेल्यांना हा धोका जास्त, ते आमच्या फोटोत दिसतं, ताजा स्ट्रोक असेल तर डिफ्युजन नावाच्या एमआरआयच्याच एका प्रकारच्या फोटोत लख्ख पांढरा उठतो. पण कधी अँटीबॉडी आणि सूज यांनी पेशींचं नुसतं काम बिघडतं, रचना जागच्या जागी. नेहमीच्या एमआरआयला रचनाच दिसते ना, त्यामुळे विसरभोळेपणा, डिप्रेशन असलेल्या बऱ्याच जणांचा स्कॅन स्वच्छ येतो.

घड्याळजी:
माझं उलटं झालं. रिपोर्टात पांढरे ठिपके लिहून आले आणि घरात रडारड, मेंदूत ल्युपस शिरला म्हणून. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले असे ठिपके मायग्रेनमध्ये, बीपीमध्ये, वयाने पण येतात, नुसत्या ठिपक्यांवरून ठरत नाही. तीन वर्षांपूर्वीचा स्कॅन शेजारी लावला तर ठिपके तेवढेच, एकही नवीन नाही. तेव्हा जुनी सीडी जपून ठेवा, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर ताडून बघता येत नाही.

निळीशाई:
अच्छा. आता पाठीतून पाणी काढायचं म्हणताहेत, त्याची भीती वाटतेय. ते का पण?

सावित्रीची_लेक:
ताई, मी स्वतः पेशंट आहे, माझंही काढलं होतं. सुई टोचते तेवढंच, नंतर एकदोन दिवस डोकं दुखलं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असल्या की मेंदूत इन्फेक्शन तर नाही ना हे त्या पाण्यावरून आधी बघावंच लागतं, कारण दोन्हीची ट्रीटमेंट एकमेकांच्या उलटी. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसने पण डोकं फिरतं (माझं फिरलं होतं, घरच्यांना विचारा), पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका हं. मेंदूतला ल्युपस असा एका टेस्टमध्ये सापडत नाही, बाकीचं एकेक वगळत जातात. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने १९९९ मध्ये याचे १९ प्रकार ठरवले, त्यात डोकेदुखीपासून फिटपर्यंत सगळं येतं. स्मरणशक्तीची लेखी टेस्ट पण मागून घ्या, तिच्या तक्रारीला तीच जास्त उपयोगी.

रात्रपाळी:
आणि पुढे कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) घालून एमआरआय सांगितला तर किडनीचं आधी बोला, ल्युपसमध्ये किडनीला त्रास असणं कॉमन आहे. अचानक फिट आली, एक बाजू लुळी पडली किंवा पायातली ताकद गेली तर वाट बघत बसू नका, लगेच इमर्जन्सीत न्या.

निळीशाई:
किडनीचं कोणी विचारलंच नव्हतं आम्हाला. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) शेवटचा रिपोर्ट शोधते आता.