मदत हवी आहे: एक्सेलच्या बॅचमध्ये सगळ्यांना एकत्र कसं शिकवायचं?
नमस्कार मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा एक्सेल-अकाउंटिंगचा क्लास हाय. नव्या बॅचला एक अंध मुलगा येतोय, तो एनव्हीडीए वापरतो (स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर हाय, पण लई भारी चालतंय), एका ताईंना कमी ऐकू येतं, त्या ओठ बघून समजून घेतात, आणि एकजण व्हीलचेअरवर.

अडचण अशी की आमच्या जुन्या नोट्स सगळ्या श्रीलिपीत (जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट) टाइप केलेल्या, सगळीकडं वाचता येणारं युनिकोड न्हाई, त्यामुळं स्क्रीन रीडर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडतोय. श्रीलिपीचं युनिकोड करणारा कुणी खात्रीचा कन्व्हर्टर वापरलाय का, जोडाक्षरं न तुटणारा? आणि ताईंसाठी मराठी लाइव्ह कॅप्शन (बोललेलं लगेच लिहून येतं ते) प्रोजेक्टरवर दाखवायला काय वापरता? आमचे सर बोर्डाकडं तोंड करून शिकवतात ओ, सांगून सांगून दमलो.

दारात सगळ्या मिळून दोन फूट उंचीच्या पायऱ्या हायत, १:१२ उतारानं (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) रॅम्प धरला तर २४ फूट लांब, म्हणजे सरळ रस्त्यातच! आसपास तळमजल्यावर भाड्यानं हॉल असला तर कळवा, टॉयलेटच्या दारातनं व्हीलचेअर जायला पाहिजे.

'त्यांची वेगळी बॅच काढा' एवढं मात्र सुचवू नका.