वाटपाचा दावा चालू असताना जमीन घेतली गेली, पक्षकार व्हावं का?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट मदत हवी आहे. दादाने आणि मी मिळून मागच्या वर्षी जमीन घेतली, सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं एकट्याचं नाव, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट क्लिअर, खरेदीखत झालं, पैसे पूर्ण दिले. फेरफाराची नोटीस निघाल्यावर विकणाऱ्याच्या बहिणीने हरकत घेतली तेव्हा कळलं की जमीन वडिलोपार्जित आहे म्हणून तिने खरेदीखताच्या ५ महिने आधीच वाटपाचा दावा लावलाय. त्याला समन्स मिळालेलं होतं, आम्हाला एका शब्दाने बोलला नाही. सर्च रजिस्ट्रीतल्या नोंदींचा असतो, कोर्टातला दावा त्यात आपोआप येत नाही हे आम्हाला माहीतच नव्हतं, नाहीतर ई-कोर्ट्स या कोर्टाच्या वेबसाईटवर त्याचं नाव टाकून बघितलं असतं.

वकील म्हणाले, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मुळे खरेदी रद्द होत नाही, पण दाव्याचा निकाल आपल्यावरही बंधनकारक, आणि माहीत नव्हतं हा बचाव तिथे चालत नाही. फक्त आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे ते कलम लागू व्हायला दाव्याची लिस पेंडन्स नोटीस (म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची सूचना) रजिस्टर झालेली लागते, आणि बहिणीने ती आमच्या खरेदीखतानंतर केलीय. दादाला वाटतंय आपण सुटलो. मला नाही वाटत, कारण कलम ५२ बाजूला ठेवलं तरी बहिणीचा हिस्सा विकायचा हक्क भावाला होताच कुठे? तिच्यावर माझा राग नाही, तिने तिचं मागितलंय.

आता प्रश्न असा की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर १ रूल १० खाली अर्ज करून आपणहून पक्षकार व्हावं का? दादा म्हणतो कशाला मध्ये पडायचं. पण विकणारा पैसे घेऊन मोकळा झालाय, तो दावा मनापासून लढणार नाही, उद्या बहिणीशी तडजोड केली तर आमचं म्हणणं मांडणार कोण? आणि ताबा घ्यायला बेलीफ आला की ऑर्डर २१ रूल १०२ (दावा चालू असताना खरेदी करणाऱ्याला अंमलबजावणीत हरकत घेता येत नाही, असा नियम) दाखवून आमची हरकत उडवतील अशी धास्ती वाटते.

विकणाऱ्याची त्याच दाव्यात अजून जमीन आहे. वाटपात आम्ही घेतलेला तुकडा त्याच्या हिश्श्यात टाका अशी मागणी कोर्ट मान्य करू शकतं म्हणतात, कोणाला मिळालंय का असं? खरेदीखतात जमीन निर्वेध असल्याची हमी लिहिलेली आहे, त्यावर पैसे परत मिळवायचा दावा आत्ताच लावायचा की निकालापर्यंत थांबायचं, मुदतीचं काय?

पुढची तारीख १८ दिवसांवर आहे. दादा कुंपण घालायला निघालाय, त्याला तूर्त थांबवलंय.