आयपीएमॅट की जिपमॅट?

ताई, मुलीला बारावीनंतर आयपीएमॅट द्यायला लावू की जिपमॅट, असं विचारलंत. दोन्ही बारावीनंतर आयआयएममधल्या पाच वर्षांच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षा. आमच्या भाचीने दोन्ही दिल्या.

आयआयएम इंदूरच्या आयपीएमॅटमध्ये प्रत्येक विभागाला 40 मिनिटं. इंग्रजी लवकर आटोपलं तरी उरलेला वेळ गणिताला मिळत नाही. गणिताचे काही प्रश्न तर बिनपर्यायी, उत्तर स्वतः टाइप करायचं. (तिथे चुकलं तरी गुण कापत नाहीत, रिकामं सोडू नका म्हणावं.) जिपमॅट बोधगया आणि जम्मूच्या आयआयएमची, 150 मिनिटांत 100 प्रश्न, वेळ आपला आपण वाटायचा. भाची इंदूरच्या रामबागेतल्या घरी कुकरशेजारचा टायमर लावून बसायची. गणितात सावकाश, म्हणून तिला जिपमॅट मानवली. दोन्हींचा एकेक जुना पेपर आधी घड्याळ लावून सोडवून घ्या. घराजवळ म्हणून इंदूरच धरून बसू नका हो!