वाय मार्कर माणूस दाखवतो की भावकी?

शाहूपुरीचा वकील
लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात डीएनए अहवालात एक ओळ येते : 'वाय-एसटीआर प्रोफाइल आरोपीशी जुळते.' म्हणजे पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरच्या ठरावीक खुणा, मार्कर, जुळल्या. ती बाहेर फुटली की गावाच्या लेखी निकाल लागलेला असतो. माझं म्हणणं, निव्वळ या ओळीवर कुणाला शिक्षा होऊ नये. वाय गुणसूत्र बापाकडून लेकाकडं जवळपास जसंच्या तसं जातं. आरोपीचा बाप, भाऊ, चुलता, चुलतभाऊ या सगळ्यांचं प्रोफाइल बहुधा एकच निघणार. करवीर-पन्हाळ्याकडं एकेका आडनावाची गल्लीच्या गल्ली आहे. तिथं हा अहवाल फक्त भावकी दाखवतो.

रंकाळ्याची लेक
वकीलसाहेब, मी लॅबमध्ये काम केलंय. हा मार्कर लागतो कशाला, ते आधी सांगायला हवं होतं. स्वॅबमध्ये, म्हणजे पीडितेच्या अंगावरून बोळ्यानं घेतलेल्या नमुन्यात, तिच्या स्वतःच्या पेशी इतक्या असतात की नेहमीच्या डीएनए तपासणीत पुरुषाचा अंश दबून जातो. बाईत वाय नसतंच, त्यामुळं वायवर जे दिसतं ते पुरुषाचंच. नसबंदी झालेल्याचे शुक्राणू सापडत नाहीत, पण पेशी सापडतात. एकापेक्षा जास्त पुरुष होते का, याचाही अंदाज येतो. हे पण नको म्हणालात तर त्या बाईच्या बाजूनं बोलणार कोण?

शाहूपुरीचा वकील
ताई, नको म्हणतच नाही. निरपराध माणूस सोडवायला याच्यासारखं साधन नाही. जुळला नाही तर तो डाग त्याचा नव्हे, विषय संपला. जुळला तर मात्र तपास तिथून सुरू व्हायला पाहिजे. आपल्याकडं तो तिथंच थांबतो.

कागलचे मास्तर
आडनाव म्हणजे वाय, असंही धरू नका. राजर्षी शाहू महाराज जन्मानं कागलच्या घाटग्यांचे, 1884 साली दत्तक गेले आणि भोसल्यांच्या गादीवर बसले. आणि पाटील हे तर वतनावरून आलेलं आडनाव. दोन पाटलांचं वाय एक असेलच असं नाही. उद्या पोलिसांनी आडनाव बघून गल्ली उचलली तर काय करायचं?

पन्हाळा रोड
सर, गल्ली कोण उचलतंय? चीनमध्ये बाइयिन आणि बाओतौ या शहरांत 1988 ते 2002 मध्ये अकरा जणींचे खून झाले. 2016 ला खुन्याचा एक नातेवाईक भलत्याच गुन्ह्यात सापडला, त्याचं वाय खुनाच्या जागच्या नमुन्याशी जुळलं, तिथनं खुनी हाताला लागला. इतकी वर्षं वाट बघणाऱ्या घरांना विचारा, वाय पाहिजे का नको.

शाहूपुरीचा वकील
दादा, वायनं तिथं घर दाखवलं. माणूस ठरवायला त्याचा स्वतःचा डीएनए बघावा लागला. मी तेवढंच मागतोय. दुसरं, एकाचं वाय साठवलं की न विचारता त्याच्या सगळ्या भावकीचं साठवलं जातं. डीएनएची तपासणी आणि साठा यांना नियम घालणारं विधेयक 2019 ला लोकसभेत आलं, 2023 ला सरकारनं मागं घेतलं. साठ्याला खास कायद्याचं कुंपण नाही.

रंकाळ्याची लेक
साठ्याबद्दल मान्य. आकड्यांबद्दल तर मीच जास्त बोलेन. नेहमीच्या डीएनएत प्रत्येक मार्करची शक्यता गुणत जातो, म्हणून 'कोटीत एक' म्हणता येतं. वायवरचे मार्कर एकगठ्ठा खाली उतरतात, त्यांचा गुणाकार चालत नाही. ते प्रोफाइल नमुन्यांच्या साठ्यात किती वेळा दिसतं, ते मोजायचं. साठ्यात आपल्या भागातले पुरुषच कमी असले तर 'दुर्मिळ' या शब्दाला वजन नाही. भरभर बदलणारे वाय मार्करही आता आहेत, बाप-लेकांतला फरक त्यात कधी कधी दिसतो, दरवेळी नाही. म्हणून अहवालात स्पष्ट लिहावं : आरोपी आणि त्याच्या पितृवंशातले इतर पुरुष वगळता येत नाहीत.
पण वाय जुळलं, मोबाइल त्याच जागी होता, आणि पीडिता त्याला ओळखते, एवढं असताना 'चुलतभाऊ पण असू शकतो' म्हणून संशयाचा फायदा मागू नका.

शाहूपुरीचा वकील
तिनं ओळखलं असेल तर नाही मागणार. अंधार होता, चेहरा दिसला नाही, आणि तो चुलतभाऊ त्याच वाड्यात राहतो, अशा केसमध्ये मागणार. त्याचा नमुना घेतला का, हा माझा तपास अधिकाऱ्याला पहिला प्रश्न असेल.